विरळ बाजूकडून

शुभदाताई,

तुझ्या चपला अजून लॅबच्या दाराबाहेर आहेत. निळ्या पट्ट्यांच्या, उजव्या टाचेला झिजलेल्या. बाकीचे आपापल्या चपला तिथेच काढतात, पण तुझ्या चपलांपासून थोडं अंतर ठेवून. झाडणारी बाई त्यांच्याभोवतीनं झाडू फिरवते. कुणी कुणाला तसं सांगितलेलं नाही. रोज सकाळी दार ढकलताना मला क्षणभर वाटतं की तू आत आहेस, नेहमीसारखी माझ्या आधी आलेली, आणि आता विचारशील, "काऊन वो सायले, आजबी उशीर?" मग आत अंधार असतो आणि दिवे मला लावावे लागतात.

तुझ्याशी मराठीतच बोलायचं, हा नियम तुझा. बाबांची बँकेतली बदली होऊन आम्ही जयपूरला आलो तेव्हा मी लहान होते. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, मराठी फक्त आईच्या स्वयंपाकघरात. लॅबमध्ये पहिल्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, "मतलब ताई, ही काच साफ नाही झाली, तर फिल्म कशी टिकणार?" तू हातातलं काम ठेवून हसलीस. "तुझं मराठी म्हणजे खिचडी आहे पूर्ण. पण चालते. खिचडी पचायला बरी." त्यानंतर तू माझ्याशी हिंदीत एक वाक्य बोलली नाहीस. लॅबच्या सरांसमोरसुद्धा नाही. ते वैतागून म्हणायचे, "अरे भई, हमें भी तो बताओ क्या चल रहा है," आणि तू शांतपणे सांगायचीस, "कुछ नहीं सर, साइन्स।"

म्हणून हे मराठीत लिहिते आहे. चुकेल तिथे तू हसशील. खरं तर त्यासाठीच लिहिते आहे.

आपण काय करतो असं कुणी विचारलं की मी गप्प व्हायचे. तू ऑटोवाल्यालाही सांगायचीस. झोटवाड्याहून परत येताना एका ऑटोवाल्यानं विचारलं होतं, मैडम, कॉलेज में पढ़ाती हो? तू पुढे वाकून म्हणालीस, "भैया, आप मोबाइल पे स्क्रीनगार्ड लगवाते हो ना? कहीं चिपकता है, कहीं बुलबुला रह जाता है। हम जान-बूझ के बुलबुले छोड़ते हैं। फिर खींच के देखते हैं, कितने ज़ोर से निकला।" तो सिग्नलला थांबल्यावर मागे वळून म्हणाला, "मैडम, घरवालों को पता है?" तू इतकी हसलीस की शेजारच्या स्कूटरवरची बाईही हसायला लागली. मी खिडकीबाहेर बघत होते. माझ्याही पोटात हसू होतं, पण ते बाहेर काढायला मला नेहमी उशीर होतो.

फिल्मला तू पापुद्रा म्हणायचीस. मला तो शब्द माहीतच नव्हता. आईला विचारला तर तिनं चपातीचा वरचा पदर सोलून दाखवला. मग कळलं, किती बरोबर शब्द आहे. रबरासारखा मऊ ठसा घ्यायचा, त्याच्या ठिपक्यांना रसायन लावायचं आणि तो काचेच्या पट्टीवर दाबायचा. काच तशीच दिसते, स्वच्छ, रिकामी. त्यावर पापुद्रा बसवायचा. जिथे ठिपका तिथे तो घट्ट धरतो, मधल्या जागेत सैल राहतो. मग मशीनच्या चिमट्यात त्याचं टोक द्यायचं आणि हळूहळू सोलत न्यायचं, स्क्रीनवर जोराची रेष वरखाली होताना बघत. एका काचेला ही संधी एकदाच. सोलला की सोलला.

पण पापुद्रा बसवण्याआधी ठिपके उमटलेत की नाही ते कसं कळणार? त्यासाठी वरच्या मजल्यावर सूक्ष्मदर्शक होता, रजिस्टरमध्ये नाव घालून मिळणारा. तुला तेवढा धीर नव्हता. तू काच तोंडाजवळ धरायचीस आणि हाऽऽ करायचीस, आरसा पुसताना करतात तसं. वाफ धरली की रिकाम्या काचेतून ठिपके वर यायचे, पांढुरके, रांगेत उभे. दोन श्वास होईपर्यंत दिसायचे आणि पुन्हा काहीच नाही. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. "भूत दिसलं का वो?" तू विचारलंस. मी नाही म्हटलं. खरं उत्तर थोडंफार हो असंच होतं.

आता जयपुरात थंडी पडली आहे. सकाळी सगळ्यांच्याच तोंडातून वाफ निघते. बसच्या काचेवर पोरं नावं काढतात, चहाच्या टपरीवर लोक बोलताना वाफ सोडतात. मी मान खाली घालून चालते. कुणी कशावर हाऽ केलं की मला बघावंसं वाटतं, खाली काय उमटतंय ते.

एकदा एक ठसा फसला, ती तुझीच घाई होती. साच्यात ओतलेलं रबर रात्रभर तसंच ठेवायचं असतं. तू संध्याकाळीच ओढून काढलंस, आणि कच्चं असल्यामुळे ते एका अंगानं ताणलं गेलं. एका टोकाला ठिपके गर्दी करून, दुसऱ्या टोकाला पांगलेले. मी तो ठसा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नवा ओतायला घेतला. मागे वळून बघते तर तू डब्यात हात घालून उभी.

"टाकला काऊन?"

"वाकडा झालाय ना. एकसारखा नाही."

"मग? तुझं हस्ताक्षर तरी कुठं एकसारखं आहे?"

तू तोच काचेवर दाबलास. पापुद्रा बसवलास, सोललास. आपल्या सगळ्या नीटनेटक्या ठशांपेक्षा त्या फसलेल्या ठशानं जास्त धरून ठेवलं. तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून चालू आहे. निदान माझ्या बाजूनं चालू आहे.

माझं म्हणणं सरळ होतं. ठिपके तेवढेच, जागा तेवढीच, म्हणजे सरासरी तीच. मग लागणारा जोरही साधारण तोच असायला हवा. जास्त लागला तर काच अस्वच्छ असेल, तुझ्या हाताचं तेल लागलं असेल, काहीही असेल. तू म्हणायचीस, "सरासरी कागदावर असते सायली. सोलताना पापुद्रा एका रेषेवर सुटत असतो. त्या रेषेला पुढं काय आहे ते थोडीच माहीत असते? सैल जागेतून आरामात येते आणि अचानक गर्दीला धडकते. तिथं अडते. एकसारखं असलं की तिला सवय होते. असं विस्कटलेलं असलं की होत नाही."

"रेषेला सवय होत नसते, ताई."

"तुला होते ना? मग रेषेला का होणार नाही?"



एकदा तू आदर्श नगरला आमच्या घरी जेवायला आलीस. आईनं कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून बर्फी आणायला आपल्याला पाठवलं होतं. तू काउंटरवरच एक तुकडा उचलून उजेडात धरलास. वर्ख बघत होतीस. बर्फीच्या गुळगुळीत भागावरून बोट फिरवलंस तर चांदी बोटाला आली. पिस्त्याच्या चुऱ्यानं खडबडीत झालेल्या कडेला मात्र ती तशीच राहिली. "बघ! बघ! बघ!" तू म्हणालीस.

"मैडम, खाने की चीज़ है, देखने की नहीं," मिठाईवाला म्हणाला.

मी हळूच म्हटलं, "एकाच तुकड्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो."

"बरोबर," तू म्हणालीस, आणि त्याला सांगितलंस, "भैया, आधा किलो और।" घरी पोचलो तेव्हा अर्ध्या बर्फीवरची चांदी आपल्या बोटांना होती. आई तुला म्हणाली, "अगं, ही तुझ्यासोबत किती बोलते! आमच्याशी तर हं आणि नाही, एवढंच." मी स्वयंपाकघरात निघून गेले. तू मागून आली नाहीस, हे मला फार बरं वाटलं होतं. कुणाच्या मागे कधी जायचं नाही, ते तुला समजत असे.

पण एका बाबतीत तू मला कधी सोडलं नाहीस. मशीन सुरू करण्याआधी दोघींनी मोठ्यानं सांगायचं, काय होणार. आधी अंदाज, मग बटण. तुझा अंदाज तयारच असायचा. माझा मनात असायचा, पण तोंडातून यायचा नाही. तू बटणावर बोट ठेवून थांबायचीस. एसीचा आवाज, आपण दोघी, आणि चिमट्यात टोक दिलेला पापुद्रा. "मी थांबते. मला घाई नाही," असं म्हणायचीस, तू, जिला रबर सुकेपर्यंत धीर नव्हता. शेवटी मी पुटपुटायचे. "ऐकू आलं नाही." मग मी मोठ्यानं बोलायचे, आणि तू बटण दाबायचीस. माझा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा. त्याचा तुला माझ्यापेक्षा जास्त आनंद व्हायचा. हरलेलीनं कचोरी आणायची असायची आणि तू खुशाल चपला पायात सरकवून निघायचीस.

मी कुणाला काही ठणकावून सांगू शकते हे मला त्या मशीनसमोर कळलं. तुला हे सांगायचं राहून गेलं. तसं बरंच काही राहिलं आहे, पण हे सगळ्यात आधी सांगायचं होतं.

शेवटचा ठसा तू मुद्दाम कच्चा ओढलास, एका टोकाला दाट, दुसऱ्या टोकाला विरळ. त्याच्या दोन काचा करायच्या, एक दाट बाजूकडून सोलायची, दुसरी विरळ बाजूकडून. दिशेनं फरक पडला तर तू जिंकलीस, नाही पडला तर मी. पहिली काच आपण दाट बाजूकडून सोलली. दुसरी तू एकटीनं केलीस, कारण त्या दुपारी मला मुलांचं प्रॅक्टिकल होतं. मी परत आले तेव्हा पापुद्रा बसवून झाला होता आणि ठसा फाटून दोन तुकडे झालेला तुझ्या हातात होता. "गेला बिचारा. पण काम करून गेला." मग म्हणालीस, "उद्या विरळ बाजूकडून सोलू. मी बोलून ठेवते, पहिलीपेक्षा जास्त जोर लागणार. आता तू बोल."

बाहेर माझी बस लागायची वेळ झाली होती. "उद्या सांगते," मी म्हटलं.

रात्री तुला ताप भरला. त्यानंतर मी तुला एकदाच बघितलं, दवाखान्यात. प्लेटलेट्स, रक्तदाब, हे शब्द तुझ्या मामांच्या तोंडून ऐकत मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तुझा श्वास आतून त्या प्लॅस्टिकवर धरायचा, विरायचा, पुन्हा धरायचा. मी त्या वाफेत ठिपके शोधत होते. वेड्यासारखी, पण शोधत होते. तिथं काहीच उमटत नव्हतं, ते नुसतं प्लॅस्टिक होतं.

तू गेल्यावर ती काच तुझ्या टेबलावर झाकणाच्या डबीत तशीच राहिली. खरी अडचण मला नंतर कळली. काचेचं कुठलं टोक दाट आणि कुठलं विरळ, तू लिहून ठेवलं नव्हतंस. मी प्रत्येक काचेच्या कोपऱ्यावर मार्करनं बाण काढते. तू कधीच काढत नसायचीस. तुला लक्षात असायचं. आणि आता ठिपके पापुद्र्याखाली होते, वाफ तिथे पोचणार नव्हती. काच उलटीसुलटी केली, खिडकीपाशी नेली, तिरकी धरली. दोन्ही टोकं सारखीच. चुकीच्या टोकाकडून सोलली तर ती पहिलीसारखीच दाट बाजूकडून सोलली जाणार, आणि तुझा प्रश्न कायमचा मिटणार. तसा ठसा पुन्हा होणार नव्हता.

सर चांगले आहेत. बरेच दिवस त्यांनी मला वेळ दिला. मग एकदा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले, चष्मा काढला, पुसला. "बेटा, मैं समझता हूँ। पर जितना रुकोगी, उतना डेटा ख़राब। चिपका रहेगा तो पकड़ और बढ़ेगी।" मला ते माहीत होतं. पापुद्रा जितके दिवस राहतो तितका अधिक धरत जातो, हे आपण दोघींनीच मोजून काढलं आहे. मी मान हलवली. डबी उघडली, बघितली, बंद केली. माझ्या फोनवरचा स्क्रीनगार्ड तू लावलेला आहे, खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा ठेवून. दिवसभर माझा अंगठा तिथेच जायचा. दाबला की तो बाजूला सरकायचा, सोडला की परत यायचा.

आणि तू गेल्यापासून मी कुठल्याही काचेवर हाऽ केलं नव्हतं. वर जाऊन सूक्ष्मदर्शकाच्या रजिस्टरमध्ये नाव लिहीत होते. लॅबमध्ये एकटी असले की कधी कधी मागून तो आवाज यायचा, हाऽऽ, अगदी मानेजवळ. एसीचा असेल. मी वळून बघायचे नाही. वळले तर तू नसशील, एवढीच भीती होती.

मग तुझी आई आली. मामा तुझ्या खोलीवर सामान बांधत होते आणि काकू म्हणाल्या, मले तिचं काम दाखवा. सरांनी त्यांना माझ्यापाशी बसवलं. सुती साडी, खांद्यावर शाल, हातात तुझ्या खोलीची किल्ली. त्यांनी लॅबभर नजर फिरवली.

"इथं बसे का ती?"

"हो काकू. ह्या खुर्चीवर."

"फोनवर सांगे मले. ठसे मारते, सोलते, ठसे मारते, सोलते. मी म्हटलं, बाई, एवढी शिकून हेच करून राहिली का?" त्या हसल्या, आणि हसू अर्ध्यात राहिलं. "तू सायली ना? तुझ्याबद्दलबी सांगे. म्हणे, एक पोरगी आहे, तिचं मनातल्या मनात सगळं बरोबर असते."

काम सांगायला माझ्याकडे मराठी नव्हतं, तेवढं मराठी तुझ्याकडे होतं. म्हणून मी एक साधी, ठिपके मारलेली काच घेतली, आणि तुझ्यासारखं तोंडाजवळ धरून हाऽऽ केलं. कितीतरी दिवसांनी. ठिपके वर आले. काकूंच्या तोंडातून "अगं माय" निघालं. मग त्यांनी ती काच घेतली आणि स्वतः करून बघितलं. ठिपके आले, गेले. पुन्हा केलं.

"ह्यातलं तिनं केलेलं कोणतं?"

मी डबी उघडली. "ही शेवटची."

त्यांनी ती तळहातावर घेतली. "मले दे ही. बाकी काही नको मले."

"काकू, हिची टेस्ट राहिलीये." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. "टेस्ट म्हणजे, वरचा पापुद्रा सोलून काढावा लागेल. आणि कोणत्या बाजूनं सोलायचं ते मला माहीत नाही. ताईला माहीत होतं."

त्यांना ते कितपत समजलं कोण जाणे. त्यांनी काच तोंडाजवळ नेली. मी थांबवणार होते, कारण तिथं दिसण्यासारखं काहीच नव्हतं, वर पापुद्रा होता. पण दोन्ही टोकांना बोटभर काच उघडी असते, आणि त्यांचा श्वास एका उघड्या टोकावर पडला. तिथं एक अंगठा उमटला. बारीक वळ्यांचा, पूर्ण, आणि त्याच्या मधून आडवी गेलेली एक स्वच्छ रेघ.

काकू हलल्या नाहीत. वाफ विरली, तसा त्यांनी घाईनं दुसरा श्वास सोडला. रेघ परत आली. "विळीवर कैरी चिरून राहिली होती," त्या म्हणाल्या. "दुसरीत असंल. म्हटलं होतं, तू नको करू. ऐकते का?"

डावा अंगठा. मी त्या अंगठ्याशी किती वेळा भांडले होते! "ताई, हातमोजे घाल ना, तेल लागतं काचेला." आणि तुझं उत्तर दर वेळी तेच: "विरळ बाजूलाच धरते ना वो मी. तिकडं बिघडायला आहेच काय?"

तुझा अंगठा जिथे होता ते टोक विरळ होतं. इतके दिवस ते माझ्यासमोर होतं आणि मी एक श्वास सोडला नव्हता म्हणून दिसलं नव्हतं.

मी काकूंना सांगितलं, सोलल्यावर पापुद्राच निघतो. खाली काचेवर ठिपके राहतात, अंगठाही राहील. ती काच तुमची. त्यांनी थोडा विचार केला आणि काच माझ्या हातात दिली. "मग कर. तिचं अर्धं काम ठेवून मी कशी नेऊ?"

मी काच मशीनमध्ये बसवली, अंगठ्याचं टोक चिमट्याकडे. पापुद्र्याची कड सोडवून चिमट्यात दिली. बटणावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं. एसीचा आवाज येत होता. काकू शेजारी तुझ्या खुर्चीत बसल्या होत्या.

"काय झालं?"

"आधी बोलायचं असतं," मी म्हटलं. "काय होणार ते. ताई तिचं बोलून गेलीये. माझं राहिलंय."

"मग बोल ना बाई."

तुझ्या बाजूनं बोलावं असं मला फार वाटलं. म्हणावं की हो, जास्त जोर लागेल, तू म्हणतेस तसं. पण तुला ते चाललं नसतं. तुला खुश करायला कुणी अंदाज बदलला की तू बटण दाबायचीच नाहीस. म्हणून मी माझं तेच बोलले. "फरक पडणार नाही." पुटपुटतच. कुणीही "ऐकू आलं नाही" असं म्हटलं नाही, तरी मी पुन्हा बोलले, मोठ्यानं, इतकं की दाराबाहेरून जाणारं कुणीतरी थबकलं. "काहीच फरक पडणार नाही!" आणि बटण दाबलं.

सुरुवातीला पापुद्रा सहज सुटत गेला. स्क्रीनवरची रेष जवळजवळ सपाट. मग मध्याच्या जरा पुढे, जिथून गर्दी सुरू होत असावी, तिथे सुटण्याची कड थांबली. मशीन ओढत होतं आणि पापुद्रा जागचा हलत नव्हता. रेष चढत गेली. पहिल्या काचेची उंची मला पाठ होती. रेष ती ओलांडून वर गेली, आणखी वर गेली. काकूंनी माझं मनगट धरलं होतं. मी श्वास घेत नव्हते. त्या क्षणी खोलीत कुणीतरी तिसरं श्वास रोखून होतं, हे मी शपथेवर सांगेन, जरी असल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही आणि तुझाही नव्हता.

मग तो सुटला. एका झटक्यात, चर्र आवाज करून, शेवटपर्यंत.

"निघालं?" काकूंनी विचारलं.

"निघालं. ताई जिंकली."

त्यांनी मान डोलावली, जणू त्यात विशेष काही नव्हतं. मी काच काढून दिली. त्यांनी ती पूर्ण लांबीवर हाऽऽ करून बघितली: आधी तुझा अंगठा, मग पांगलेले ठिपके, मग गर्दी. रुमालात गुंडाळायला लागल्या तसं मी म्हटलं, "काकू, पुसू नका हं कधी." त्या म्हणाल्या, "पुसत नाही वो. पण धूळ बसंल, तिचं काय करू?" दाराशी त्यांनी आपल्या वहाणा पायात घातल्या. तुझ्या चपला शेजारीच होत्या. त्यांनी ओळखल्या नाहीत, बहुधा इथे आल्यावर घेतलेल्या असाव्यात. ताई, त्या मी ठेवून घेतल्या आहेत.

पापुद्राही माझ्याकडेच आहे. चिमट्यात लोंबत होता, कडेनं वळलेला. तू जिंकलीस हे सरांनी मान्य केलं आहे. मीही केलं आहे, त्या दिवशी कचोरी आणली, सगळ्यांना वाटली, माझ्या वाट्याची गार होईपर्यंत हातात धरून बसले.

पण एकाच काचेवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी तुला मिठाईच्या दुकानातच सांगितलं होतं. शिवाय ती काच इतके दिवस पडून होती, पकड त्यामुळेही वाढली असेल. तू म्हणशील, रडी आहेस. असू दे. काल संध्याकाळी रबर ओतलं आणि कच्चं असतानाच ओढून काढलं. बऱ्यापैकी वाकडं झालं आहे. आज पहिल्या काचेवर ठसा दाबायला घेतला. हातमोजे काढून ठेवले आहेत. काच डाव्या अंगठ्यानं धरली आहे, विरळ बाजूला. तिकडं बिघडायला आहेच काय.